झाकणाखालची गोळी

गोळी झाकणाखाली शिरली आणि दातांच्या डॉक्टरांनी पिनबॉल मशीनवरचे दोन्ही हात उचलून हवेत धरले. आता पुढे जे होईल त्याच्याशी आपला काही संबंध नाही, अशा अर्थाने. आत काय झालं ते कोणालाच दिसलं नाही. क्षणभराने गोळी मधल्या तोंडातून बाहेर पडली, सरळ खाली उतरली आणि दोन्ही फ्लिपरांना न शिवता त्यांच्यामधल्या फटीतून नाहीशी झाली. डॉक्टर गर्दीकडे वळले.

"याला खेळ म्हणायचं? ही सोडत आहे, सोडत. तिकीट काढा आणि नशीब बघा."

हे त्यांनी ओरडून सांगितलं, कारण त्या सभागृहात ओरडल्याशिवाय कोणाचं कोणाला ऐकू जात नव्हतं. भोवतीचे लोक पोट धरून हसले. खांबाआड उभी असलेली आखणीताई तेवढी हसली नाही. तिने दुपट्यांची पिशवी या खांद्यावरून त्या खांद्यावर घेतली आणि पुन्हा मशीनकडे बघत राहिली.

पिनबॉलचे वेडे वर्षातून एकदा इथे जमत. एरवी बँकेत, दवाखान्यात, गोदामात मान खाली घालून काम करणारी ही माणसं त्या दिवशी कोणाच्या बापाचं ऐकत नसत. सभागृहात मशीनच्या रांगाच रांगा. प्रत्येक मशीनमध्ये घंटा, भोंगे, गाणी, गडगडाट. एकात डरकाळ्या फोडणारा राक्षस होता, एकात बोट बुडत होती आणि बुडताना किंचाळत होती. आणि दरवर्षी कोणी ना कोणी नवीन मशीन घेऊन येई. ते या लोकांच्या पसंतीला उतरलं तर बनवणाऱ्याचं नशीब उघडलं, नाहीतर मशीन ज्या गाडीतून आलं त्याच गाडीतून परत.

या वर्षी नवीन मशीन होतं 'आंधळी कोशिंबीर'. नाव आखणीताईचं, मशीनही तिचंच. कारखान्यात सगळे तिला आखणीताई म्हणत, कारण मशीनच्या फळीवर गोळी कुठून निघेल, कशावर आपटेल, कुठे अडेल, ही सगळी आखणी ती करी. कारखाना लहान. मालक, जुने फिटर काका, वायरी जोडणाऱ्या दोघीजणी आणि ती.

पिनबॉल म्हटलं की वर काच आणि काचेखाली सगळं लख्ख उघडं. पोलादी गोळी धावते, खेळणारा तिच्यावर नजर ठेवतो आणि खाली आली की फ्लिपरने, म्हणजे त्या दोन हलत्या पात्यांनी, तिला परत वर भिरकावतो. या मशीनचा वरचा अर्धा भाग मात्र साध्या लाकडी झाकणाने बंद होता. ना राक्षस, ना बोट, ना घंटा. गोळी झाकणाखाली जायची आणि तीन तोंडांपैकी एकातून बाहेर यायची. कुठल्या, ते बघून कळायची सोय नव्हती.

ही कल्पना तिला कुठे पुस्तकात सापडली नव्हती. बाळंतपणानंतर ती घरी होती तेव्हा मुलगी रांगायला लागली. ही स्वयंपाकघरात, मुलगी बाहेरच्या खोलीत, मध्ये भिंत. मूळचाच काळजीखोर स्वभाव, त्यात पहिलं मूल. पण थोड्याच दिवसांत तिच्या लक्षात आलं की भिंतीपलीकडचं तिला सगळं कळतंय. ठणठण झालं की पोरगी वाटीशी खेळतेय. टकटक झालं की कपाटाचा खण ओढतेय. आणि काहीच आवाज नसला की हातातलं टाकून धावायचं. आवाज नाही म्हणजे उद्योग चाललाय. एकदा अशाच शांततेत पोरीने सासूबाईंच्या चष्म्याची काडी अर्धी चावून ठेवली होती.

झाकणाखालचे तीन रस्ते तिने असेच केले. डावीकडचा तांब्याच्या पत्र्यावरून, तो ठणठणे. उजवीकडचा लाकडी पट्ट्यांवरून, तो टकटके. मधला जाड लोकरी कापडावरून, तो मुका. आणि मुक्या रस्त्यानेच गोळी सर्वांत वेगाने, नेमकी फटीच्या रोखाने येई. कान दिला तर कळतं, नाही दिला तर गेली.

मालकांनी पहिल्यांदा ऐकलं तेव्हा ते म्हणाले होते की अहो ताई, कोंबडं झाकून ठेवायचं आणि उजाडलं की नाही ते लोकांना विचारायचं, असा हा प्रकार. पण सुटीच्या दिवशी बंद कारखान्यात ते एकटे खेळायला बसले आणि जेवायची आठवण करून द्यायला घरून माणूस यावा लागला. वायरीवाल्या दोघी खेळल्या, काका खेळले. कारखान्यात ज्याने हात लावला त्याला ते मशीन सोडवेना. इथे मात्र सकाळपासून एकही माणूस दुसऱ्यांदा खेळायला उभा राहिला नव्हता.

आखणीताईने गेल्या महिन्यात होण्यासारख्या सगळ्या अनर्थांचा विचार करून ठेवला होता. वायर जळेल, झाकण कोणाच्या बोटावर पडेल, गाडीत हिसका बसून रस्ते सरकतील. लोक हसतील, हे मात्र तिच्या मनातही आलं नव्हतं.

आणि लोक नुसते हसत नव्हते, रंगात आले होते. एक टोपीवाला गुडघ्यावर बसून मोबाइलच्या उजेडात तोंडांतून आत डोकावत होता, जणू आत कोणी लपून गोळी ढकलतंय. क्रेन चालवणारी एक दांडगी बाई, जिच्या मनगटाला या मंडळींत मोठा मान होता, ती म्हणाली की मी दिवसभर उंचावर बसून सगळ्या गावाचं बघत असते, इथे येऊन मला काही दिसणारच नसेल तर मी घरीच बसेन की. कोणीतरी म्हणालं, झाकली मूठ सव्वा लाखाची. त्यावर डॉक्टर म्हणाले, उघडा मूठ, आत काही निघालं तर मी सगळ्यांचे दात फुकट साफ करतो.

मालकांचा चेहरा उतरत चालला होता. ते खांबापाशी आले आणि तिच्या कानाशी तोंड नेऊन त्यांनी सांगितलं की गाडीत आरपार दिसणाऱ्या प्लास्टिकची एक फळी आहे, झाकणाच्या मापाची. खबरदारी म्हणून त्यांनी ती आधीच कापून आणली होती. गुरुजींना खेळू दे. गुरुजींनीही नापसंत केलं तर काका झाकण काढतील, ती फळी बसवतील आणि पुढे तेच मशीन बनेल. रस्ते सगळे उघडे.

"मग ते माझं मशीन नाही राहणार," ती म्हणाली.

"ताई, तुमचं राहिलं आणि कोणी घेतलं नाही, तर कारखाना तरी माझा राहील का?"

तिला वाईट एवढंच वाटलं की आपल्याला न सांगता त्यांनी फळी कापली. म्हणजे विश्वास त्यांचाही अर्धाच.

गुरुजी म्हणजे शाळेतले नव्हेत. जन्मभर लिफ्ट दुरुस्त करण्यात गेलेला, आता घरी बसलेला माणूस. पण तिथल्या निम्म्या लोकांना मशीनला हलकेच धक्का देऊन गोळी वळवायची कशी, ते त्यांनी शिकवलेलं, म्हणून गुरुजी. नव्या मशीनबद्दल ते खेळेपर्यंत कोणी शेवटचा शब्द बोलत नसे. आणि ते स्वतः तर बोलतच नसत. आवडलं तर पुन्हा खेळत. नाही आवडलं तर खिशातून रुमाल काढून हात पुसत. गुरुजींनी हात पुसले की ते मशीन संपलं.

ते आले, लोकांनी वाट करून दिली. खेळायला उभे राहिले ते अगदी शांत, पाय जरा फाकवून, जिन्यावर कोणाची तरी वाट बघत असावेत तसे. पहिली गोळी झाकणाखाली गेली, मधून आली, गेली. दुसरी उजवीकडून आली, त्यांनी डावं पातं उचललं होतं, गेली. तिसरीचंही तेच. गुरुजींनी मशीनकडे जरा वेळ पाहिलं आणि त्यांचा हात खिशाकडे गेला.

आखणीताई खांबाआडून बघत होती ती बाजूने. रुमाल अर्धा बाहेर आला तेव्हा तिला गुरुजींचा कान दिसला. कानात कापसाचा बोळा होता. चांगला दाबून बसवलेला.

तिने डॉक्टरांकडे पाहिलं. त्यांच्या कानांत पिवळे बोळे. क्रेनवालीच्या कानांवर तिच्या कामावरची ती मोठी झापडं. टोपीवाल्याच्या टोपीखालून कापूस डोकावत होता. जिकडे बघावं तिकडे कानांत बोळे. मग तिला आठवलं की सकाळी दारावर एका मुलीने तिकिटाबरोबर स्पंजचे दोन पिवळे तुकडे तिच्याही हातात ठेवले होते. बाळासाठी काही खेळणं असेल असं समजून तिने ते पिशवीत टाकून दिले होते.

या मंडळींची ही जुनी रीत होती. दिवसभर त्या गदारोळात उभं राहायचं तर कान बंद करूनच आत यायचं. ते तर डोळ्यांनी खेळणारे लोक, त्यांचं काय बिघडत होतं? आणि ती कानांनी खेळायचं मशीन घेऊन नेमकी तिथे आली होती.

मोठ्या माणसांच्या मध्ये बोलायची तिची सवय नव्हती. कॉलेजातसुद्धा उत्तर येत असताना ती हात वर करत नसे. पण रुमाल आता पूर्ण बाहेर आला होता. ती गर्दीतून पुढे झाली आणि गुरुजींच्या समोर जाऊन उभी राहिली.

"गुरुजी, हात पुसू नका. कानातले बोळे काढा आणि पुन्हा खेळा."

आजूबाजूचे लोक जरा चुळबुळले. गुरुजी तिच्या तोंडाकडे निरखून बघत होते. मग म्हणाले, "बोळे काढून काय होणार, पोरी?"

तिने भराभर सांगितलं. हे मशीन ऐकायचं आहे. इथे ऐकू येणार नाही, मागे खुर्च्या ठेवायची खोली आहे, तिथे दार लावलं की शांत असतं. तिथे एकदा खेळा. मग काय पुसायचं ते पुसा.

डॉक्टर म्हणाले की आता काय गोळीचं भजन ऐकायचं का. लोक हसले. गुरुजींनी मात्र रुमालाची घडी घातली आणि तो परत खिशात ठेवला.

खुर्च्यांची खोली तिला माहीत होती, कारण आयोजकांनी ती सकाळीच तिच्यासाठी उघडून दिली होती. नवऱ्याची कामाची पाळी असल्याने सासूबाई बाळाला घेऊन सोबत आल्या होत्या. घडीच्या खुर्च्यांच्या थप्प्या, मध्ये जेमतेम चटईएवढी जागा, तिथे बाबागाडीत बाळ झोपलेलं आणि शेजारी सासूबाई विणकाम करत बसलेल्या. काकांनी मशीन ढकलगाडीवर चढवलं आणि कुरकुरत आणलं. आधी ठरवत नाहीत आणि मग माझ्या कमरेचा विचार करत नाहीत, असं ते वाटभर बडबडत होते. मागून मालक वायरचं वेटोळं घेऊन, त्यांच्या मागून गुरुजी, आणि गुरुजी चालले म्हणून मागून वीस-पंचवीस वेडे.

दारात सासूबाई उभ्या राहिल्या. बाळ आत्ताच झोपलंय, इथे खेळबीळ चालणार नाही, हे त्यांनी इतक्या हळू आवाजात सांगितलं की क्रेनवालीने आपोआप कानांवरची झापडं काढून गळ्यात घेतली. आखणीताई म्हणाली, "आई, खेळाने नाही उठायची ती. घरी जेवणाच्या टेबलावर मी याच रस्त्यांवरून गोळ्या सोडायची तेव्हा शेजारीच झोपायची की." सासूबाईंनी सुनेकडे बघितलं. तिचा चेहरा बघून त्यांना काय कळलं ते त्यांनाच ठाऊक. त्या बाजूला झाल्या, पण अट घातली. आत यायचं त्याने तोंड बंद ठेवायचं. शब्द निघाला की बाहेर, मग तो दातांचा डॉक्टर असो की आणखी कशाचा.

दार लागलं. सभागृहातला गलका एकदम लांब गेला, शेजारच्या घरातल्या भांडणासारखा. मावतील तेवढे लोक खुर्च्यांच्या थप्प्यांना टेकून, श्वास आवरून उभे राहिले. पिवळे बोळे खिशांत गेले.

आधी डॉक्टर पुढे सरसावले. त्यांना आपलं म्हणणं सिद्ध करायचं होतं. गोळी वर गेली, झाकणाखाली शिरली. ठण, ठण, ठणण. डॉक्टरांच्या भुवया वर गेल्या. बोटं आपोआप डाव्या बाजूला हलली आणि गोळी डावीकडून आली तेव्हा पातं तयार होतं. पुन्हा वर. टकटकटक. उजवीकडून आली, तीही परत गेली. डॉक्टरांच्या कपाळावर घाम चमकायला लागला. आणि मग काहीच नाही. खोलीत नुसती शांतता. डॉक्टर वाट बघत राहिले आणि गोळी मधून येऊन फटीतून गेली.

ते तिच्याकडे वळले आणि कुजबुजत तक्रार केल्यासारखं म्हणाले, "आवाजच आला नाही."

"घरात लहान मूल आहे?" तिने तितक्याच हळू विचारलं.

"दोन. जुळे आहेत."

"मग घरात आवाज आला नाही तर काय करता?"

डॉक्टरांनी मशीनकडे बघितलं, झाकणाकडे बघितलं. दुसरी गोळी सोडली. ती एकदा ठणठणली, एकदा टकटकली, आणि तिसऱ्यांदा गप्प झाली. डॉक्टर अंगात आल्यासारखे मशीनवर वाकले, हलकाच धक्का दिला, आणि मधून सुसाट आलेली गोळी उजव्या पात्याच्या टोकावर झेलून वर फेकली. त्यांच्या घशातून अर्धी आरोळी निघाली, सासूबाईंची नजर गेली, उरलेली अर्धी त्यांनी गिळली. क्रेनवालीने दोन्ही हातांनी स्वतःचं तोंड दाबून धरलं होतं. टोपीवाल्याने टोपी काढली आणि कान मोकळे केले.

"पुढचा नंबर माझा," डॉक्टर ओठांनीच म्हणाले. खेळत तेच होते.

मालक खुर्च्यांमागून आखणीताईला खुणावत होते, काम झालं, काम झालं. पण शेवटचा शब्द डॉक्टरांचा नव्हता. गुरुजी पुढे आले. बोळे त्यांनी काढलेले होते, मुठीत धरले होते. ते त्यांनी सदऱ्याच्या खिशात टाकले आणि गोळी सोडली.

ठणठण झाली. गुरुजींनी उजवं पातं उचललं. गोळी डावीकडून आली आणि गेली.

पुढची टकटकत आली. कोपऱ्यातल्या माणसालाही ऐकू गेलं असेल. गुरुजी मधल्या तोंडाच्या तयारीत उभे. ती गेली.

लोक एकमेकांकडे बघायला लागले. गुरुजी मुद्दाम करताहेत, मशीनची परीक्षा घेताहेत, असं कोणी डोळ्यांनी सांगितलं आणि सगळ्यांना ते पटलं. आखणीताईला पटलं नाही. मूल सांभाळता सांभाळता तिला एक सवय लागली होती, माणूस काय करतो त्यापेक्षा कशाकडे बघतो ते बघायची. गोळी झाकणाखाली गेली की गुरुजी झाकणाकडे बघत नव्हते. समोरच्या लोकांच्या चेहऱ्यांकडे बघत होते. तिने त्यांच्या मागच्या बाजूने हळूच हाक मारली, "गुरुजी." नेहमीच्या आवाजात पुन्हा मारली. त्यांनी मान वळवली नाही.

गुरुजींना ऐकू येत नव्हतं. आज नव्हे, कधीचंच येत नसणार. जिथे सगळ्यांच्याच कानांत बोळे तिथे एका म्हाताऱ्याच्या कानांकडे कोण बघतो? म्हणून तर ते इथे यायचे. जगात ही एकच जागा असेल, जिथे त्यांना काही कमी नव्हतं. आणि आपण सगळ्यांसमोर म्हटलं, बोळे काढा.

झाकणाचा तिला त्या क्षणी विसर पडला. एकच गोळी उरली होती. ती गेली की इथल्या कोणाच्या तरी लक्षात येणार. मग हे लोक त्यांच्याशी मोठ्याने बोलायला लागतील, हातवारे करतील, आणि पुढच्या वर्षी गुरुजी येणार नाहीत.

ती फिरून मशीनच्या पलीकडे, त्यांच्या नजरेसमोर गेली. बोलली काहीच नाही. मशीनच्या बाजूच्या लाकडी फळीवर तिने आपला तळहात पसरून ठेवला आणि तसाच राहू दिला. टेबलावर गोळ्या सोडताना एका हातात बाळ असायचं, दुसरा हात असाच फळीवर टेकलेला असायचा. गोळी कुठल्या रस्त्याने जातेय ते त्या हाताला ऐकण्याआधी कळायचं, हे तिला माहीत होतं. फक्त आजपर्यंत ते सांगण्यासारखं आहे असं वाटलं नव्हतं.

गुरुजींनी तिच्या हाताकडे बघितलं. मग तिच्याकडे. मग बोटं बटणांवर ठेवून त्यांनी आपले दोन्ही तळहात बाजूच्या फळ्यांना चिकटवले, आणि गोळी सोडली.

ठणठण. गुरुजींची मान किंचित कलली. डावं पातं उचललं गेलं, गोळी वर गेली.

टकटक. उजवं.

मग शांतता. खोलीतल्या सगळ्यांनी ती ऐकली. गुरुजींनी डोळे मिटले होते. तळहातांखालची थरथर थांबली ती त्यांना कळली असणार, कारण त्यांनी मशीनला कमरेने असा एक धक्का दिला की ते हललं म्हणावं तर हललं नाही. गोळी मधून निघाली, जरा तिरपी झाली, पात्यावर बसली आणि थांबली. गुरुजींनी तिला तिथे थांबवून ठेवलं. हातातली चिमणी उडवावी की नाही, असा विचार केल्यासारखं. मग वर उडवली.

त्यानंतर ती गोळी पडलीच नाही. गुरुजी खेळत राहिले. डोळे मिटलेले, चेहऱ्यावर हसू, झाकणाखाली काय चाललंय ते जणू त्यांच्याच हातात चाललंय. लोक पुढे सरकत सरकत मशीनभोवती दाटले. डॉक्टर एका पायावर उभे होते, दुसरा ठेवायला जागाच नव्हती. क्रेनवालीच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं आणि ती ते पुसत नव्हती. काका कमरेचं दुखणं विसरून खुर्चीवर चढले होते. एवढी माणसं एवढ्या लहान खोलीत इतकी गप्प, असं त्या सभागृहात पूर्वी कधी झालं नसेल.

शेवटी गुरुजींनीच गोळी सोडून दिली. हात उचलले आणि पात्यांमधून तिला जाऊ दिलं, पुरे म्हणून. डोळे उघडले.

"झाकण काढायचं नाही," ते म्हणाले.

म्हणाले ते ऐकू न येणारी माणसं म्हणतात तसं, खणखणीत. दार हललं असेल. आणि इतका वेळ सगळ्यांनी सांभाळलेलं बाळ दचकून उठलं आणि त्याने भोकाड पसरलं.

सगळ्यांनी एकदम बाबागाडीकडे वळून पाहिलं. गुरुजींनी मात्र पाहिलं नाही. ते मशीनच्या फळीवरून हात फिरवत होते. सासूबाई उठल्या, एवढं बजावूनसुद्धा, असं तोंडावर आलं होतं. आखणीताईने सासूबाईंकडे बघून नुसती मान हलवली, नको म्हणून. सासूबाईंनी गुरुजींच्या पाठीकडे बघितलं, रडणाऱ्या नातीकडे बघितलं, आणि तोंडावर आलेलं मागे घेतलं. मग डॉक्टरांना म्हणाल्या की तुम्ही कशाला गर्दी करताय, रांग लावा रांग.

रांग लागली. खोलीत मावेना म्हणून दाराबाहेर गेली, दाराबाहेरून सभागृहात वळली. राक्षस एकटाच डरकाळ्या फोडत बसला, बोट कोणी न बघता बुडाली. आत येणारा प्रत्येक जण दारापाशी कान मोकळे करत होता. आणि क्रेनवाली खेळायला उभी राहिली तेव्हा तिने तळहात बाजूच्या फळ्यांना चिकटवले, डोळे मिटले. तिच्यामागून टोपीवाल्याने तेच केलं. गुरुजी तसे खेळले म्हणजे तसंच खेळायचं असतं, यात कोणाला शंका नव्हती. चार माणसं खेळून होईपर्यंत ती या मशीनची रीतच झाली.

डॉक्टरांनी त्यांच्या वेड्यांच्या ग्रुपवर काहीतरी लांबलचक लिहून टाकलं आणि ते तिला वाचायला दिलं. सकाळचं त्यांचंच म्हणणं त्यांनी त्यात असं काही खोडून काढलं होतं की मशीनला सोडत म्हणणारा गाढव दुसराच कोणी असावा असं वाटे. काकांनी मालकांना विचारलं की ती गाडीतली प्लास्टिकची फळी आणू का. मालक म्हणाले, कसली फळी? मग जरा ओशाळून आखणीताईकडे आले. पुढच्या मशीनमध्ये आवाज मोठा यावा म्हणून आत दोन स्पीकर बसवू, म्हणजे गलक्यातही ऐकू जाईल, असा त्यांचा विचार होता.

"नको," ती म्हणाली. "बाजूच्या फळ्या पातळ करा. आणि पायांखाली रबर घालू नका, थरथर त्यात मरते."

"का हो ताई?"

"हात ठेवायला."

मालकांनी आणखी विचारलं असतं, पण आज तिला आणखी विचारायची त्यांची छाती झाली नाही. बरं, म्हणाले.

बाळ अजून मुसमुसत होतं. तिने त्याला उचललं. गुरुजी बाजूला एका खुर्चीवर बसले होते, लोक येऊन त्यांच्या पाया पडायचे तेवढे बाकी होते. आखणीताई रांगेला वळसा घालून त्यांच्या समोर गेली, त्यांना तिचं तोंड दिसेल अशी उभी राहिली.

"घेता का हिला जरा? माझा एक डाव खेळायचा राहिलाय."

गुरुजींनी हात पुढे केले. बाळाला छातीशी धरलं, दुसरा हात त्याच्या पाठीवर पसरून ठेवला. ती रांगेच्या टोकाला, पुन्हा खेळायला आलेल्या टोपीवाल्याच्या मागे जाऊन उभी राहिली, कोणी पुढे जा म्हटलं तरी गेली नाही. नंबर आला तेव्हा तिने गोळी सोडली. गोळी झाकणाखाली शिरली. मागे गुरुजी कोणाला उद्देशून नाही, असे या वेळी हलकेच म्हणाले, "झोपली."

वळून न बघता तिने कान दिला. खरंच झोपली होती.